प्रसाद कुणी मोजत नाही

अमिषा मॅडम शुक्रवारी यायच्या. गुरुवारी मुंबईत त्यांच्या संस्थेची मीटिंग असायची. ती आटोपली की दुसऱ्या दिवशी सकाळची बोट धरून मांडवा, आणि तिथून नागावला आमच्या आळीत. शुक्रवारचं दुसरं काही कारण नव्हतं. महिना मार्गशीर्ष होता, हाही योगायोगच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या घरांत काय शिजतं आणि कोण काय खातं, हे मॅडमना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं.

किनाऱ्यावरच्या गावांत मुलांची वजनं का वाढतायत, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. शाळेत मुलांची उंची-वजनं घेऊन झाली होती. आता घरोघरी जाऊन मुलं काय खातात ते विचारायचं होतं. सोबतीला गावातलीच शिकलेली बाई हवी, म्हणून शाळेच्या बाईंनी माझं नाव सुचवलं. मी अलिबागच्या कॉलेजातून बीएस्सी केलंय. लग्नानंतर त्या बीएस्सीचा उपयोग एवढाच उरला होता, की औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला आळीतल्या सगळ्या माझ्याकडे येतात. त्यामुळे संस्थेचं ओळखपत्र गळ्यात आलं तेव्हा मी ते घरातही काढेना. अल्पेश, माझा नवरा, म्हणाला, "आंघोळीला तरी काढ."

पद्धत सोपी होती. काल काय खाल्लं एवढंच विचारायचं, कारण कालचं माणसाला आठवतं, परवाचं नाही. मॅडमकडे तीन प्लास्टिकच्या वाट्या होत्या: लहान, मधली, मोठी. आईनं वाटी दाखवायची, मी टॅबमध्ये तसं भरायचं.

पहिल्याच घरी माझ्या लक्षात आलं. काल म्हणजे गुरुवार. घट मांडलेला, घरच्या बाईला उपास, घरात वशाट नाही. एरवी ज्या घरात सुकट म्हणा, जवळा म्हणा, मासळीचं काहीतरी असल्याशिवाय पोरं ताटाला हात लावत नाहीत, तिथे वरणभात, भाजी आणि संध्याकाळी नैवेद्याची खीर. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. मॅडम टॅबवर बघत म्हणाल्या, की समुद्र एवढा जवळ असून मुलांच्या खाण्यात मासे जवळजवळ नाहीतच, त्यांची अपेक्षा अगदी वेगळी होती. मी बोलायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आवाजात काहीतरी सापडल्याचा आनंद होता, आणि पुढच्या दारात काशीवहिनी पदर सारखा करत उभीच होती. म्हटलं, परत जाताना सांगू.

काशीवहिनीचा साहिल बारीक आहे. चांगला चपळ आहे, पण हाडाचाच बारीक. वहिनीनं प्रत्येक गोष्टीला मोठी वाटी दाखवली. भाताला मोठी, वरणाला मोठी, वर तूप. मी तिच्याकडे पाहिलं. मॅडम हात धुवायला पडवीत गेल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "गो, पोरगा काडी हाय माजा. लोकं म्हनतील, आय खायाला घालत न्हाय. लिव मोठी."

मी मोठी लिहिली.

विनेशच्या आईनं याच्या उलट केलं. विनेश शाळेच्या तक्त्यात जादा वजनाच्या लाल रेषेच्या बराच वर. आई सांगत होती, की पोरगा काही खातच नाही, चिमणीसारखा टिपतो. विनेश ओट्यावर वेफर्सचं पाकीट उभं धरून तळातला चुरा तोंडात ओतत होता. आम्ही तिघींनी त्याच्याकडे पाहिलं आणि तिघींनीही मान वळवली. तिनं लहान वाटीवर बोट ठेवलं. मी लहान लिहिली. शेजारच्या सुनेला कोण सांगणार की माझ्या पोराला दिवसाला एक कोल्ड्रिंक लागतं? बाहेरची बाई विचारती तर कदाचित सांगितलंही असतं. मॅडमनी मला घेतलं ते गावातली म्हणून, की बायका मोकळ्या होतील. आणि त्या मिटल्या त्या मी गावातली म्हणूनच.

शेवटचं घर माझं. स्वतःच्या घराचं स्वतः भरायचं नाही असा नियम होता, म्हणून टॅब मॅडमनी घेतला आणि मी बायकांच्या जागी बसले.

भक्ती तेव्हा तिसरीत होती. तिचाही ठिपका लाल रेषेच्या वर होता. वजनं झाली त्या दिवशी शाळेच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "तुम्ही तर शिकलेल्या. लक्ष ठेवा." तेव्हापासून मी लक्षच ठेवत होते. ती घास घ्यायची आणि माझे डोळे तिच्या हातामागून जायचे. आणि तरी आदल्या दिवशी तिनं काय खाल्लं होतं ते मला चांगलं माहीत होतं. दुपारी दोनदा भात. संध्याकाळी तर काय, मार्गशीर्षातल्या गुरुवारी लहान मुलींना नैवेद्याला बोलावतात. नवा फ्रॉक घालून भक्ती आळीतल्या दर दारात गेली होती. कुणाकडे खीर, कुणाकडे शिरा, कुणाकडे पुरीभाजी, निघताना हातात केळं. शेवटच्या घरातून आली तेव्हा हनुवटीवर खीर वाळली होती.

मॅडमनी विचारलं. मी लहान वाटी उचलली.

"मधल्या वेळात काही?"

"नाही. मधलंअधलं मी देत नाही."

ते तसं खोटंही नव्हतं. दिलं मी नव्हतंच. आणि प्रसादाला आमच्याकडे कुणी खाणं म्हणत नाही. देवाचं ते, कुणी मोजत नाही. असं मी मनाशी म्हटलं, आणि वर पाहिलं तर भक्ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती वाटीकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आईला सगळं कळतं असं वाटायचं तिचं वय.

महिनाभर शुक्रवारीच फिरलो. परत जाताना सांगू, परत जाताना सांगू, असं करत एकदाही सांगितलं नाही. रिक्षा दारात यायची, मॅडमना परतीची बोट गाठायची असायची. हे कारण मी स्वतःला देते. खरं कारण ती लहान वाटी होती. गुरुवारचं सांगायला गेले असते तर त्यामागून बाकीचं आलं असतं.

पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर मॅडमनी शाळेच्या हॉलमध्ये पालकांना बोलावलं. पडद्यावर आलेख होता. खाली मुलं दिवसाला किती खातात ते, बाजूला त्यांचं वजन, आणि ठिपक्यांतून गेलेली एक उतरती रेष. मॅडम म्हणाल्या, की त्यांनाही आश्चर्य वाटलं. जी मुलं जास्त खातात ती बारीक आहेत. ज्यांची वजनं जास्त आहेत ती उलट कमी खातात. म्हणजे मुद्दा किती खातात हा नसून काय खातात हा आहे. आणि काय खातात, तर भात, गोड, केळी. मासे नाहीत, अंडी नाहीत. भात आणि गोड कमी करायला हवं, विशेषतः रात्रीचा भात बंद. काय चालतं, काय नाही, याचं एकेक कार्डही त्यांनी वाटलं.

मागून विनेशची आई मला कुजबुजून म्हणाली, "बघ. मी म्हनत नव्हते? पोर खातच न्हाय." तिला ते मनापासून पटलं होतं. आपणच सांगितलेली गोष्ट पडद्यावर इंग्रजीत बघितल्यावर ती खरी वाटायला लागते.

मला त्यातला एकेक ठिपका ओळखता येत होता. तो खाली उजवीकडचा साहिल. काशीवहिनीनं सांगितलेलं, त्यानं न खाल्लेलं तूप त्याला तिकडे घेऊन गेलं होतं. आणि डावीकडे वर, सगळ्यांपासून सुटलेला, तो माझा. मी पहिल्या रांगेत बसले होते. उठून दोन वाक्यं बोलले असते तर पुरलं असतं. पण मी स्वतःची समजूत काढत बसले. मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यांच्याकडे काहीतरी तपासायची रीत असेल. नागाव एकटं थोडंच आहे, इतर गावंही आहेत. आणि कोण जाणे, भातामुळेच वाढत असेल.

मुख्य म्हणजे, भातामुळे नाही असं मी म्हटलं असतं तर कशामुळे, हा प्रश्न माझ्याकडेच आला असता. त्यापेक्षा भात बंद करणं सोपं होतं.

म्हणून मी भक्तीचा रात्रीचा भात बंद केला. केळी बंद, खोबरं बंद, कुणाच्या दारातलं काही खायचं नाही. सासूबाईंना, म्हणजे जनीआईला सगळी आळी ओळखते ती तोंडासाठी. त्यांनी पहिल्या दिवशीच विचारलं, की भात खाऊन आपल्यात आजवर कोण मेलंय ते सांग. मी अभ्यासाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अब्यास केला म्हंजे तूच दारोदार फिरलीस ना गो? मी बघत व्हते."

मी भांडी आवरायला घेतली.

भक्ती सुरुवातीला मागायची, रडायची. मग मागायची थांबली. मला वाटलं, सवय झाली. घरी आली की न विचारता सांगायला लागली: आज डब्यातली एकच भाकरी खाल्ली, आज वाढदिवसाचं चॉकलेट खाल्लं नाही. मी तिला शाबासकी द्यायचे. कपाट बंद केल्याचा आवाज आला की मी पाहायला जायचे, आणि ती कपाटापासून लांब, हात मागे घेऊन उभी असायची. मी हात उघडून बघायचे. बहुतेक वेळा रिकामे असायचे. रिकामे असले की मला हायसं वाटायचं, आणि मग रात्री ती झोपली की तिचे तेच हात बघवायचे नाहीत.

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या तशी आळीत पोपटी लावायची ठरली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी, वर पुन्हा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. दिवस मावळताना सगळी आळी काशीवहिनीच्या मागच्या वाडीत जमली. मडकं फोडलं, वाफ निघाली. कुणीतरी भक्तीच्या हातात अंडं दिलं. अंडं चालतं असं कार्डावर होतं, तरी तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. बायका बोलत होत्या, माझं उत्तर द्यायचं राहिलं. तेवढ्यात ती म्हणाली, "मला भूक नाही," आणि अंडं साहिलला दिलं. काशीवहिनी म्हणाली, "पोर बाय शानी तुजी. शिकलेल्या आयचं वळण." मी हसले.

थोड्या वेळानं ती दिसेना. विहिरीच्या पलीकडे, जिथे सगळ्यांनी शेंगांची सालं टाकली होती, तिथे ती उकिडवी बसली होती. एकेक साल उचलून दातांनी खरवडत होती. कुठे एखादा दाणा राहिला असेल तो शोधत होती. मी हाक मारली नाही. तिनं मला पाहिलं असतं तर थांबली असती, आणि मला तिनं थांबायला नको होतं. माझ्या मुलीला पोटभर खाताना बघायचं तर मला विहिरीच्या आड उभं राहावं लागत होतं. आणि खात काय होती, तर लोकांची सालं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मॅडम पुन्हा वजनं घ्यायला आल्या होत्या, लाल रेषेवरच्या मुलांकडे फक्त. आमच्या घरी वजनकाटा मांडला. भक्तीचं वजन कमी झालं नव्हतं. थोडं वाढलंच होतं. उंचीही वाढली होती, पण मॅडम काट्याकडेच बघत होत्या. या वेळी त्यांनी मुलांनाच विचारायचं ठरवलं होतं, मुलं खोटं बोलत नाहीत म्हणून. त्यांनी वाट्या मांडल्या आणि भक्तीला जवळ बसवलं.

"काल काय काय खाल्लंस?"

"दुपारी एक भाकरी आणि भाजी. रात्री वरण." तिनं लहान वाटी उचलली. शोधावी लागली नाही, बघावंही लागलं नाही. "पोपटीला गेले होते. पण खाल्लं नाही."

"मधल्या वेळात?"

"नाही. मधलंअधलं आई देत नाही."

शब्द माझे होते. वाटी उचलायची ढबही माझी. आणि बोलून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी. मॅडम टॅबमध्ये भरता भरता म्हणाल्या, की बघा, इतकं कमी खाऊनही वजन हलत नाही, म्हणजे आपलं निरीक्षण पुन्हा बरोबर ठरतंय. बहुतेक दुपारचा भातही आता बंद करून बघायला हवा.

भक्तीचा चेहरा अजून माझ्याकडेच होता.

"लिहू नका मॅडम," मी म्हटलं. "हे खरं नाही. पहिल्या वेळी मी सांगितलं तेही खरं नव्हतं."

भक्तीला मी आजीकडे पाठवलं. मग जे परत जाताना सांगायचं होतं ते सांगितलं. गुरुवार, घट, उपास, प्रसाद. साहिलचं तूप, विनेशचे वेफर्स. माझी लहान वाटी. मॅडमनी टॅब मांडीवर उपडा ठेवला. चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, की लोक कमी सांगतात हे सगळ्यांना माहीत असतं. थोडी तूट धरून ते दुरुस्त करतात, तशी रीत आहे.

"सगळ्यांनी सारखंच कमी सांगितलं तर दुरुस्त होईल," मी म्हटलं. "पण जाड पोरांच्या आयांनी कमी सांगितलं आणि बारीक पोरांच्या आयांनी जास्त. मग?"

त्या बराच वेळ वाट्या एकात एक बसवत राहिल्या. "मग रेष उलटी जाते," शेवटी म्हणाल्या.

"आणि भात?"

"भातामुळे वाढतं की नाही, ते यातून कळत नाही. मासे कमी खाता की नाही, तेही नाही." मग म्हणाल्या, "जागृती, हे तू तेव्हा सांगितलं असतंस तर." अभ्यासावरचा त्यांचा लेख छापून आला होता. इतर गावांतही तीच कार्डं वाटून झाली होती. तिकडे कुणा जागृतीनं कुठल्या वारी काय विचारलं होतं, ते त्यांना आता शोधावं लागणार होतं. त्या वरिष्ठांशी बोलणार होत्या. बोलून काय होईल ते सांगता येत नव्हतं. भक्तीला एकदा अलिबागला मुलांच्या डॉक्टरांना नीट दाखव, असं दोनदा बजावून त्या वाट्या पिशवीत घालून निघाल्या. रिक्षापर्यंत मी गेले. ओळखपत्र परत करायला हात पुढे केला तर त्यांनी घेतलं नाही, नकोही म्हणाल्या नाहीत. रिक्षा गेली.

घरात आले. सासूबाईंनी कोळंबीचं कालवण केलं होतं. मी पानं घेतली. भक्तीच्या ताटात भाताचा एक डाव वाढला, दुसरा वाढायला गेले तर तिनं ताटावर हात आडवा धरला.

"बस."

"घे अजून. दुपारचाच नाही, रात्रीचाही खायचा आजपासून."

तिनं आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती माझा चेहरा वाचत होती, जसा मी वर्षभर तिचा वाचत आले होते. "उद्या विचारणार आहेत का?"

"नाही. कुणी विचारणार नाही."

"तू?"

मी डाव पातेल्यात ठेवला. तिचा हात ताटावर तसाच होता. वाफेनं तळवा ओला झाला असणार. सासूबाईंनी तो हळूच बाजूला करून कालवण वाढलं. भक्तीनं एक लहान घास घेतला आणि चावता चावता माझ्याकडे पाहिलं. दुसरा घेतला, पुन्हा पाहिलं. मी समोर बसले असेपर्यंत ती अशीच जेवणार होती.

मी माझं ताट उचललं. पाणी तापत ठेवायचंय असं काहीतरी पुटपुटले आणि पडवीत येऊन, दाराकडे पाठ करून बसले. समोर काशीवहिनीच्या वाडीत कालच्या जाळाचा काळा डाग दिसत होता. आत बराच वेळ काही आवाज आला नाही. मला उठून बघायचं होतं. गुडघे दोन्ही हातांनी धरून बसले.

मग पातेल्याला डाव लागल्याचा आवाज आला. सासूबाईंनी वाढला की तिनं स्वतः घेतला, ते मी वळून पाहिलं नाही.